केंद्रित गटचर्चा
केंद्रित गटचर्चा : एखाद्या विषयासंबंधी निवडक व्यक्तींच्या लहान गटात प्रशिक्षित सूत्रधाराच्या साहाय्याने मोकळी चर्चा घडवून लोकमताचा वेध घेण्याची सामाजिक संशोधनातील एक पद्धती. गटात सामान्यतः ६ ते १० व्यक्ती असतात व चर्चा एक ते दोन तास चालते. किती लोकांचे मत काय आहे, हे प्रश्नावलीवरून कळते. ते मत तसे का बनले, याचा उलगडा गटचर्चेतून होतो.

या पद्धतीची सुरुवात अमेरिकेत १९४१ मध्ये पॉल लाझार्सफेल्ड व रॉबर्ट मर्टन यांच्या रेडिओविषयक संशोधनातून झाली. श्रोते कार्यक्रमातील नावडत्या भागाला लाल व आवडत्या भागाला हिरवे बटण दाबीत. त्यामागील कारणे नंतर मुलाखतीतून शोधली जात. मर्टन व पॅट्रिशिया केंडल यांनी १९४६ मध्ये या तंत्राची शास्त्रीय मांडणी केली. पुढे बाजारपेठ-संशोधनात व निवडणूक-प्रचारात त्याचा प्रसार झाला.

महाराष्ट्रात याच्याशी नाते सांगणारा प्रयोग १९५६ मध्ये झाला. यूनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सु. १५० गावांत शेतकरी श्रोतृमंडळे स्थापिली. सभासद कार्यक्रम एकत्र ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल नॉइरात यांच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या मूल्यमापनात, केवळ रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ पुष्कळच अधिक आढळली. प्रयोगाचा हेतू लोकशिक्षणाचा होता. तथापि परस्परांशी बोलण्यातून मत घडते, हे त्यातून दिसून आले.

गटाची रचना हा या पद्धतीचा गाभा होय. जळगाव जिल्ह्यातील एरंडोलसारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यात कापसाच्या भावाविषयीचे मत अजमावयाचे झाल्यास कोरडवाहू शेतकरी, बागायतदार, व्यापारी व शेतमजूर स्त्रिया यांचे गट वेगवेगळे करणे इष्ट ठरते. कारण ज्याच्या शेतात राबावयाचे, त्याच्यासमोर मजूर मजुरीविषयी मोकळेपणाने बोलत नाहीत. चर्चा अहिराणीत होऊ दिल्यास एरवी संकोचाने गप्प राहणारेही बोलते होतात.

गट हा लोकसंख्येचा प्रातिनिधिक नमुना नसतो. दहांपैकी सात जणांनी एखादे मत मांडले, म्हणून तालुक्यातील ७० टक्के लोकांचे मत तेच आहे, असे अनुमान काढता येत नाही. वजनदार व्यक्तीच्या मागे इतरांनी जाण्याचा आणि सूत्रधाराच्या पूर्वग्रहाचाही धोका असतो. म्हणून गटचर्चेतून सुचलेली अनुमाने विस्तृत नमुना पाहणीने पडताळून घ्यावी लागतात. तसे न करता निर्णय घेतल्यास मूठभरांचे बोलणे लोकमत म्हणून पुढे येते व चर्चेला न बोलाविलेल्यांचे म्हणणे दुर्लक्षित राहते.