बीबीआरची ओळ कशी वाचावी

ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड, पण त्यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिट्सवरून ४० बिट्सवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी कारणाचा माग काढला आणि कोंडी दिसली की वेग आवरण्याची शिस्त टीसीपीला लावली. पुढे २०१६ मध्ये कोंडी आवरणारे गूगलचे अल्गोरिदम, बीबीआर, लिनक्सच्या ४.९ कर्नेलमध्ये आले, तेव्हा ते घडवणाऱ्यांतही जेकबसन होतेच. पॅकेट हरवले की क्युबिक हे दुसरे अल्गोरिदम वेग कमी करते. बीबीआर मात्र वाटेची क्षमता आणि किमान आरटीटी, म्हणजे पॅकेट जाऊन त्याची पोच परत येईपर्यंतचा वेळ, सतत मोजत राहते.

ओळ कुठे दिसते?

लिनक्सवर ‘एसएस’ ही कमांड ‘टी’ आणि ‘आय’ हे पर्याय लावून चालवली, की प्रत्येक कनेक्शनखाली आकड्यांची लांबलचक ओळ उमटते. बीबीआर सुरू असेल तर तिच्या कंसात बीडब्ल्यू (वाटेची मोजलेली क्षमता), एमआरटीटी (किमान आरटीटी) आणि पेसिंग गेन (पाठवण्याच्या वेगाचा गुणक) दिसतात.

आरटीटी आणि एमआरटीटी यांतला फरक

मला सगळ्यात बोलकी वाटते ती ही जोडी. समजा, बीडब्ल्यू २० एमबीपीएस आहे आणि एमआरटीटी ४० मिलिसेकंद. दोन्हींचा गुणाकार १,००,००० बाइट्स. १४४८ बाइट्सच्या एमएसएसने (एका पॅकेटमधल्या कमाल डेटाने) भागले, तर एका वेळी सुमारे ६९ पॅकेट्स वाटेत मावतात. सीडब्ल्यूएनडी, म्हणजे पोच येण्याआधी वाटेत ठेवता येणाऱ्या पॅकेट्सची मर्यादा, १३८ च्या आसपास दिसला तर घाबरू नका, कारण बीबीआर साधारण दुप्पट मुभा ठेवते. पण त्याच वेळी आरटीटी १२० दिसत असेल, तर वरचे ८० मिलिसेकंद बहुतेक कुठल्यातरी राउटरच्या रांगेत जात आहेत. ती रांग आपल्याच डेटाची असेल असे नाही.

एका नजरेवर विसंबू नका

पेसिंग गेन सुरुवातीला २.८९ असतो, मग साचलेली रांग उपसताना ०.३५. नंतर तो १.२५, ०.७५ आणि १ असा फिरतो. साधारण दर १० सेकंदांनी सीडब्ल्यूएनडी किमान २०० मिलिसेकंद ४ पॅकेट्सवर येतो, किमान आरटीटी नव्याने मोजण्यासाठी. नेमक्या त्या क्षणी ओळ पाहिली, तर ठणठणीत कनेक्शनही आजारी वाटते. म्हणून ओळ पुन्हा पुन्हा घ्या. हे आकडे पहिल्या आवृत्तीचे आहेत. पुढच्या प्रायोगिक आवृत्त्यांत ते बदलले आहेत.

रीट्रान्स

ओळीत रीट्रान्सपुढे पुन्हा पाठवलेल्या पॅकेट्सचे दोन आकडे असतात. ‘०/१२’ म्हणजे आत्ता पुन्हा पाठवून पोच न आलेले पॅकेट एकही नाही, आजवर पुन्हा पाठवलेली १२.

नेटवर्कला दोष देण्यापूर्वी

ओळीत ‘ॲप-लिमिटेड’ असेल, तर पाठवायला पुरेसा डेटा प्रोग्रामकडूनच येत नव्हता. तेव्हा कमी दिसणाऱ्या डिलिव्हरी रेटवरून वाटेची क्षमता ठरवता येत नाही. ‘आरडब्ल्यूएनडी-लिमिटेड’चा वेळ मोठा असेल, तर अडथळा समोरच्या यंत्राच्या बफरमध्ये आहे. हे दोन शब्द तपासल्याशिवाय कर्नेलची एकही सेटिंग बदलू नका.