बीबीएफ पेरणी म्हणजे काय? सोयाबीनला सरी कशाला हवी?

बुलढाण्यात खरिपाचं गणित मोठ्या प्रमाणात सोयाबीनवर चालतं, आणि बरंचसं सोयाबीन पावसाच्या भरवशावर. जुलैत शेतात पाणी तुंबलं की मुळं गुदमरतात. ऑगस्टमध्ये शेंगा भरताना पावसानं दडी मारली की दाणा बारीक राहतो. कधी कधी एकाच हंगामात दोन्ही!

यावर उपाय म्हणून बीबीएफ, म्हणजेच रुंद सरी-वरंबा. गादीसारख्या रुंद वरंब्यावर तीन-चार ओळी पेरायच्या, दोन्ही बाजूंना सरी. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं. पाऊस कमी असेल तर तीच सरी पाणी मुरवते. बियाणंही कमी लागतं. काळ्या जमिनीसाठी हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं 1970च्या दशकात यावर काम केलं. पुढे जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या 'पोकरा' प्रकल्पानं त्याचा प्रसार केला. बुलढाणाही त्यात होता.

मग सगळेच का करत नाहीत? कारण बीबीएफ यंत्राला ट्रॅक्टर लागतो. दोन एकरवाल्याकडे तो नसतो, आणि वापसा आला की भाड्याचं यंत्र सगळ्यांना त्याच चार दिवसांत हवं असतं. खरा अडसर ही रांग आहे, असं मला वाटतं.

बैलजोडी असेल तर एक देशी मार्ग आहे. तिफणीनं पेरताना दर चार ओळींनंतर पाचवी रिकामी सोडा. नंतर डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून त्या रिकाम्या जागेत सरी पाडा. फक्त हे फुलोऱ्याआधी उरका.