पिकअपपलीकडची स्पोर्ट्स कार: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

हलकी स्पोर्ट्स कार म्हणजे साधारण एक टन किंवा त्याहून कमी वजनाची, बहुधा दोनच आसनांची आणि वळणदार रस्त्यासाठी बांधलेली गाडी. हा प्रकार खऱ्या अर्थाने रुजला ब्रिटनमध्ये. घरगुती गाडीचे किंवा तिच्यावर बेतलेले इंजिन घ्यायचे आणि त्याच्याभोवती शक्य तितकी कमी गाडी बांधायची, असा तो खाक्या होता. १९५७ची लोटस सेव्हन, १९५८ची ऑस्टिन-हीली स्प्राइट आणि १९६२ची लोटस एलान ही त्याची ठळक उदाहरणे. १९८०च्या सुमारास ही परंपरा तिथे जवळपास आटली. १९८९ मध्ये जपानच्या माझदाने एमएक्स-५ आणून ती पुन्हा उभी केली. महाराष्ट्रात माझदा हे नाव ठाऊक आहे ते स्वराज माझदाच्या मिनीबस आणि ट्रकमुळे. ही दोन आसनी गाडी कंपनीने भारतात अधिकृतपणे कधी विकलीच नाही.

या गाड्यांच्या इंजिनांचे आकडे वाचले की पहिली प्रतिक्रिया निराशेची असते. पहिल्या स्प्राइटची शक्ती ४३ अश्वशक्ती होती आणि ताशी ९६ किमी वेग गाठायला तिला वीसेक सेकंद लागत. पहिल्या एमएक्स-५चे १.६ लिटरचे इंजिन सुमारे ११५ अश्वशक्तीचे, म्हणजे आजच्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीइतके किंवा कमीच. तरीही दहा लाखावी एमएक्स-५ एप्रिल २०१६ मध्ये कारखान्यातून बाहेर पडली. दोन आसनी खुल्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हा आकडा दुसऱ्या कुणाच्या आसपासही नाही. सरळ रस्त्यावरचा वेग हाच आनंदाचा उगम असता तर असे घडले नसते.

गैरसमज: शून्य ते शंभरचे सेकंद हे स्पोर्ट्स कारचे माप आहे

या आकड्यात इंजिनाची शक्ती, गाडीचे वजन, टायरची पकड आणि गिअर बदलण्याची चपळाई एवढेच मोजले जाते. स्टिअरिंग सरळ धरायचे, ॲक्सिलरेटर तळाला टेकवायचा आणि वाट पाहायची, याहून वेगळे काम त्या काही सेकंदांत चालकाकडे नसते. शिवाय विजेच्या मोटारींनी हा आकडा स्वस्त करून टाकला आहे. पहिल्या एमएक्स-५ला शंभर गाठायला नऊ सेकंदांच्या आसपास लागत. आज मुलाबाळांसह सहलीला निघालेल्या कितीतरी विजेच्या कौटुंबिक गाड्या त्याहून लवकर तिथे पोचतात. दोन टनांहून जड असलेली टेस्लाची मॉडेल एस प्लेड दोन-अडीच सेकंदांत हे काम उरकते. म्हणून ती हलक्या स्पोर्ट्स कारची जागा घेते असे मात्र कुणी म्हणत नाही.

चालकाला शरीराने जाणवतो तो वेग नसून वेगात किंवा दिशेत होणारा बदल असतो. सरळ रस्त्यावर ताशी ७२ किमी म्हणजे काहीच नाही. पण ५० मीटर त्रिज्येच्या वळणातून त्याच वेगाने जाताना बाजूच्या दिशेचे त्वरण दर सेकंद वर्गास ८ मीटर भरते, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे चार-पंचमांश. साध्या रस्त्याच्या टायरची कोरड्या डांबरावरची पकड जवळपास तिथेच संपत येते. म्हणजे ज्या वेगाला महामार्गावर मागचा ट्रकही हॉर्न वाजवेल, त्याच वेगाला वळणात गाडी आपल्या मर्यादेपाशी असते आणि चालकाचे हात, पाय, कान, पाठ असे सगळेच कामाला लागलेले असते.

शिवाय वेगाची जाणीव ही स्पीडोमीटरवर अवलंबून नसते. एमएक्स-५ किंवा लोटस एलिसमध्ये चालकाची बैठक रस्त्याला इतकी लगटून असते की डांबराचा पृष्ठभाग डोळ्यांच्या जवळून सरकतो, आणि तोच वेग उंच, शांत, काचा बंद असलेल्या गाडीपेक्षा बराच जास्त वाटतो. टप उघडा असेल तर वाऱ्याची भर वेगळी.

गैरसमज: जास्त शक्ती म्हणजे जास्त मजा

सार्वजनिक रस्त्यावर बहुतेक सगळीकडे वेगमर्यादा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाटीच्या भागात ताशी १०० किमीची मर्यादा आहे आणि घाटात त्याहून बरीच कमी. पाचशे अश्वशक्तीच्या गाडीत दुसऱ्याच गिअरमध्ये ही मर्यादा ओलांडली जाते. तिसरा, चौथा, पाचवा गिअर आणि इंजिनाचे वरचे फेरे हा सगळा खजिना कुलूपबंद राहतो. पहिल्या एमएक्स-५मध्ये दुसऱ्या गिअरला इंजिन लाल रेषेपर्यंत, म्हणजे मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत नेले तरी वेग होतो ताशी ९०च्या आसपास. म्हणजे पूर्ण इंजिन, पूर्ण आवाज आणि योग्य क्षणी गिअर बदलण्याचे समाधान, हे सारे कायद्याच्या चौकटीत मिळते. कमी शक्तीचा हा फायदा कागदावर कुठेच दिसत नाही.

जपानच्या छोट्या 'केई' वर्गातल्या गाड्यांनी हे टोकाला नेले. १९९१ची होंडा बीट ही ६५६ सीसीची, ६४ अश्वशक्तीची आणि सुमारे ७६० किलो वजनाची गाडी. तिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलेले होते. टर्बो नव्हता, पूर्ण शक्ती मिळायची ती मिनिटाला आठ हजारांच्या वर फेरे गेल्यावर. पिकअपच्या शर्यतीत ही गाडी साध्या हॅचबॅककडूनही हरली असती. पण इतक्या उंच फेऱ्यांवर ती चालवण्याचा अनुभव हॅचबॅकमध्ये मिळत नाही, आणि तिच्याविषयी आजही आदराने बोलले जाते ते त्यासाठीच.

गैरसमज: वजन कमी करण्याचा फायदा फक्त पिकअपला

इथे दोन वेगवेगळ्या चुका एकत्र नांदतात. एक, हलकी गाडी 'पळते' म्हणून तिचा टॉप स्पीडही जास्त असणार असे धरले जाते. सपाट रस्त्यावरच्या कमाल वेगाशी वजनाचा संबंध फार थोडा. तिथे लढाई असते हवेच्या विरोधाशी, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. केटरहॅम सेव्हन १७० ही लोटस सेव्हनची थेट वारसदार. वजन अवघे ४४० किलो, सुझुकीचे ६६० सीसीचे टर्बो इंजिन, ८४ अश्वशक्ती. ताशी ९६ किमीपर्यंत ती सात सेकंदांच्या आत पोचते; पण टॉप स्पीड ताशी १७०च्या आसपासच अडतो. उघडी चाके आणि उघडा चालक घेऊन वाऱ्यात घुसणाऱ्या गाडीकडून याहून अधिक अपेक्षा करता येत नाही. तेवढ्याच शक्तीची घरगुती हॅचबॅक, वजन दुप्पट असूनही, जवळपास तिथेच जाते.

दुसरी चूक, म्हणजे फायदा फक्त पिकअपला होतो असे मानणे, अधिक महत्त्वाची, कारण वजन कमी केल्याचा खरा लाभ तिच्यामुळे नजरेआड होतो. ताशी १०० किमी वेगाने जाणाऱ्या दोन टनांच्या गाडीत सुमारे ७७० किलोजूल गतिज ऊर्जा असते. एक टनाच्या गाडीत त्याच्या निम्मी. थांबताना ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. म्हणून हलक्या गाडीला छोटे ब्रेक पुरतात, ते उतारावर लवकर तापत नाहीत, आणि ब्रेक छोटे म्हणून चाकाकडचे वजनही कमी राहते. टायरचे गणितही तसेच. वळणातल्या कमाल वेगाच्या सोप्या सूत्रात वजन येतच नाही, म्हणून हलकी गाडी आपोआप वळणात वेगवान ठरते असे पुस्तकी गणित सांगत नाही. पण प्रत्यक्षातला टायर सोप्या सूत्राप्रमाणे वागत नाही: त्याच्यावरचा भार दुप्पट केला तर पकड दुपटीला थोडी कमीच पडते. म्हणूनच जड गाडीला रुंद टायर लागतात आणि हलकीचे अरुंद टायरवर भागते. अरुंद टायर आणि हलके नाक असल्यावर स्टिअरिंगला यंत्राची मदत लागत नाही. १९९६च्या मूळ एलिसमध्ये पॉवर स्टिअरिंग नव्हतेच. रस्त्याचा प्रत्येक खडबडीतपणा थेट हातात यायचा. त्या गाडीचे वजन सुमारे ७२५ किलो होते आणि ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून बनवलेला तिचा सांगाडा सत्तर किलोंच्याही आत.

वजन किती आहे याइतकेच ते कुठे आहे हेही महत्त्वाचे. तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली पहिली एमएक्स-५ घडली तेव्हा घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत तसे गाडी आणि चालकाचे नाते असावे, हे उद्दिष्ट ठरले होते. ते उद्दिष्ट जाहिरातीपुरते न ठेवता नकाशावर उतरवले गेले. इंजिन बरेचसे पुढच्या आसाच्या मागे सरकवले, बॅटरी डिकीत टाकली, बॉनेट ॲल्युमिनियमचे केले. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एका ॲल्युमिनियमच्या चौकटीने जोडले, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच मधली ढिलाई न जाणवता चाके प्रतिसाद देतात. जड भाग मध्याजवळ गोळा झाल्यामुळे गाडी स्वतःभोवती वळायला विरोध कमी करते. स्टिअरिंग हलवल्यापासून नाक वळेपर्यंतचा क्षण लहान होतो. हलक्या गाडीचे कौतुक करणारे 'चपळ' म्हणतात तेव्हा बहुतेकदा त्यांना हाच क्षण अभिप्रेत असतो.

गैरसमज: स्पोर्ट्स कार म्हणजे दगडासारखी कडक आणि रस्त्याला चिकटलेली

एलान जवळून पाहिली तर हा समज टिकत नाही. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांच्या या गाडीचे वजन सुमारे ६८० किलो, शक्ती १०५ अश्वशक्ती, आणि स्प्रिंगा मऊ. हलक्या गाडीला तेवढ्याच स्थैर्यासाठी कमी कडक स्प्रिंग पुरते, म्हणून चाक खड्ड्यात उतरते, वर येते आणि गाडी मात्र आपल्या रेषेवर राहते. ताशी ३८० किमीच्या पुढे जाणारी मॅक्लारेन एफ१ घडवणारे गॉर्डन मरे स्टिअरिंगच्या बाबतीत आदर्श मानत आले ते याच एलानला. वेगाचा उच्चांक करणाऱ्या माणसाने असे म्हणावे, यात बरेच काही आले. हलकेपणाची एक अडचणही इथेच नोंदवायला हवी: ४४० किलोच्या गाडीत दोन माणसे बसली की एकूण भार एक-तृतीयांशाने वाढतो, आणि एकट्याने चालवताना सुरेख वाटलेले सस्पेन्शन वेगळेच वागू लागते.

पकडीबद्दलही असेच. २०१२च्या टोयोटा ८६ला, म्हणजेच सुबारू बीआरझेडच्या जुळ्या भावंडाला, प्रियस या काटकसरी हायब्रिडच्या काही आवृत्त्यांवर असायचे तसलेच टायर दिले होते. त्यावरून बरीच चेष्टा झाली. पण ती निवड मुद्दाम केलेली होती: पकड मर्यादित ठेवली की मर्यादा कमी वेगाला येते, हळूहळू येते आणि चालकाला तिच्याशी खेळता येते. रुंद, चिकट टायरवर तीच मर्यादा बऱ्याच वरच्या वेगाला आणि अचानक येते.

उलट बाजूचा गैरसमज: शक्तीला महत्त्वच नाही

हलक्या गाड्यांचे भक्त कधी कधी दुसऱ्या टोकाला जातात. त्याच टोयोटा ८६चे खरे दुखणे टायर नव्हते. तिच्या दोन लिटरच्या इंजिनाचा टॉर्क मिनिटाला साडेतीन ते साडेचार हजार फेऱ्यांच्या टप्प्यात खाली बसायचा, म्हणजे वळणातून बाहेर पडताना नेमके जिथे इंजिन हाताशी हवे तिथेच ते रुसायचे. २०२१च्या पुढच्या पिढीत २.४ लिटरचे इंजिन आले आणि तो खड्डा बुजला. शून्य ते शंभरचा आकडाही सुधारला, पण गाडी अधिक समाधान देऊ लागली ती मधल्या फेऱ्यांतल्या प्रतिसादामुळे. ॲक्सिलरेटर हे फक्त पुढे ढकलण्याचे साधन नाही. मागच्या चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत वळणाच्या मध्यावर तिचा तोल सावरण्याचेही ते साधन आहे. त्यासाठी पुरेशी आणि लगेच मिळणारी शक्ती लागते.

केवळ हलकेपणाने समाधान मिळत नाही, याचे उदाहरण गोव्यात सापडते. तिथे तयार झालेली सॅन स्टॉर्म ही फायबरग्लासच्या बॉडीची दोन आसनी गाडी होती. रेनॉचे ११४९ सीसीचे, साठेक अश्वशक्तीचे इंजिन पुढच्या चाकांना जोडलेले. आकडे पाहता ती स्प्राइट किंवा बीटच्या पंगतीत बसते. पण इंजिन आणि गिअरबॉक्स एका छोट्या घरगुती गाडीच्या धाटणीचे होते, आणि वळणात मागच्या चाकांनी तोल सांभाळण्याचा जो भाग या प्रकारात मोलाचा मानला जातो तो रचनेतच नव्हता. गाडी थोड्याच संख्येने विकली गेली.

सुरक्षिततेविषयीची शंका मात्र सरसकट गैरसमजात जमा करता येत नाही. आजच्या एमएक्स-५मध्ये एअरबॅग आहेत, धडक सोसणारी रचना आहे. पण जड आणि हलक्या गाडीची समोरासमोर टक्कर झाली तर हलक्या गाडीचा वेग अधिक झटक्याने बदलतो, आणि आतल्या माणसांना इजेचा धोका त्यामुळे वाढतो. हे भौतिकशास्त्र आहे. एअरबॅग ते सौम्य करते, रद्द करत नाही. केटरहॅमसारख्या उघड्या गाडीत तर तेवढेही संरक्षण नसते.

सरळ रेषेतला वेग जिथे खरोखर कामी येतो अशा जागा थोड्या आहेत. एकपदरी रस्त्यावर लांबलचक ट्रकला ओलांडताना विरुद्ध बाजूला घालवलेला वेळ जितका कमी तितका बरा, आणि मूळ स्प्राइट तिथे चालकाचा घाम काढते. जर्मनीच्या ऑटोबानवर, जिथे काही पट्ट्यांत मर्यादा नाही, तिथे शंभर-सव्वाशे अश्वशक्तीची गाडी डाव्या मार्गिकेत फार काळ टिकत नाही. आणि शर्यतीच्या ट्रॅकवर लांब सरळ भाग आला की हलक्या गाडीला मागच्याला वाट द्यावी लागते. ब्रेक उशिरा मारून पुढच्या वळणात ती तेच अंतर भरून काढते, आणि ट्रॅक जितका वळणांचा असेल तितकी ती बाजी तिच्याकडे झुकते.