ओटीपोटातला ओघ

पाटाच्या पाण्याचा विसर्ग काढायची एक साधी रीत आहे. पाटात पान सोडायचं, ठरलेलं अंतर कापायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि आलेल्या वेगाला पाटाच्या छेदानं गुणायचं. एमआरआय यंत्र शिरेतलं रक्त मोजतं तेही याच गुणाकारानं. फक्त पान सोडावं लागत नाही. रक्तातल्या पाण्याचा हायड्रोजनच पान होतो.

ओटीपोटातल्या शिरांची मांडणी अडचणीची आहे. डाव्या पायाचं रक्त वर नेणारी शीर मणक्यासमोरून जाते आणि तिच्यावरून उजव्या पायाकडे जाणारी धमनी आडवी पडते. पुढून ठोके, मागून हाड, मधे शीर. 1957 साली ऑस्ट्रियातल्या मे आणि थुर्नर या दोघांनी 430 मृतदेहांत नेमकी ही जागा तपासली; 22 टक्क्यांत शिरेच्या आत आडवे पडदे सापडले. आणखी वर दुसरी गंमत. उजव्या अंडाशयाची शीर सरळ महाशिरेला मिळते, डावी मात्र मूत्रपिंडाच्या शिरेत जवळजवळ काटकोनात शिरते, आणि मूत्रपिंडाची ती शीर पुन्हा दोन धमन्यांच्या बेचक्यातून जाते. (पुरुषांत वृषणाच्या शिरा फुगतात त्या बहुतेक डावीकडच्या, त्यामागेही हीच रचना आहे.)

अंडाशयाच्या शिरांच्या झडपा निकामी झाल्या की रक्त उलटं खाली येऊन ओटीपोटात साचतं. बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायका सांगतात की दिवसभर ओट्याशी उभं राहिलं की खाली जड जड होतं, आडवं झालं की बरं वाटतं. सोनोग्राफीत गर्भाशय ठीक, अंडाशय ठीक. मग ‘टेन्शन घेऊ नका’ हे औषध. या सल्ल्याचा मला राग आहे, कारण ज्या तपासणीत शिरांकडे नीट पाहिलंच नाही तिच्या जोरावर तो दिला जातो.

पण नुसतं पाहूनही भागत नाही. डाव्या पायाची चेपलेली शीर धडधाकट माणसांतही सर्रास सापडते. म्हणून आकाराच्या पुढचा प्रश्न विचारावा लागतो: रक्त किती जातं आणि कुठल्या दिशेनं?

हा प्रश्न चित्रापेक्षा जुना आहे. लॉटरबर यांनी एमआरआयचं पहिलं चित्र प्रसिद्ध केलं 1973 मध्ये. सिंगर यांनी उंदराच्या शेपटीतला रक्तप्रवाह याच चुंबकीय तत्त्वावर मोजल्याचं 1959 मध्येच छापून आलं होतं. आजची रीत अशी. नेहमीच्या 1.5 टेस्लाच्या यंत्रात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट क्षेत्रात, हायड्रोजनची केंद्रकं सेकंदाला जवळपास 6.4 कोटी गिरक्या घेतात. यंत्र क्षणभर चुंबकीय चढ देतं, लगेच तेवढाच उतार देतं. जागचं न हललेलं केंद्रक जेवढं पुढे जातं तेवढंच मागे येतं, हिशेब शून्य. मधल्या काही मिलिसेकंदांत जे सरकलं त्याची थकबाकी उरते. ती थकबाकी म्हणजेच वेग. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, या मोजणीपुरतं रंगद्रव्यही नाही.

कन्सोलवर दिसणारं चित्र आधी विचित्र वाटतं. स्थिर स्नायू एकसारखे करडे, आतड्यातल्या हवेच्या जागी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस, वर जाणारं रक्त पांढरं, खाली येणारं काळं. अर्थात धमन्या काळ्या आणि शिरा पांढऱ्या हव्यात. शिरेच्या जागी काळा ठिपका दिसला की खुर्चीतला माणूस पुढे सरकतो.

लगेच विश्वास मात्र ठेवायचा नसतो. वेगाची कमाल मर्यादा आधी ठरवून द्यावी लागते. तंत्रज्ञ तिला ‘व्हेंक’ म्हणतात. महाधमनीला सेकंदाला 150 सेंटिमीटर चालते. तीच शिरेला लावली तर तिथला संथ ओघ गोंगाटात बुडतो. उलट मर्यादा 10 ठेवली आणि रक्त 12 नं धावलं, तर यंत्र −8 दाखवतं. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तसंच. जिथे उलटा ओघच शोधायचा आहे तिथे ही चूक महागात पडते. निरोगी शीर आजारी ठरते.

श्वासाचीही भानगड आहे. झोपलेल्या माणसाच्या पायांतून वर येणारं रक्त हृदयाच्या ठोक्यापेक्षा श्वासाचं जास्त ऐकतं. श्वास घेताना मंदावतं, सोडताना वाढतं. मोजणी मात्र बहुधा ठोक्यांच्या तालावर, कित्येक ठोक्यांची सरासरी काढत चालते. म्हणून माइकवरून सांगणं येतं, “ताई, श्वास नेहमीसारखाच घ्या, हलू नका हं.”

या मोजणीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिचा ताळा. डाव्या आणि उजव्या पायाच्या शिरेचे आकडे मिळवले की दोन्हींच्या संगमाच्या जरा वर महाशिरेत तेवढंच रक्त भरायला हवं. नाही भरलं तर छेद तिरपा गेला असेल, नाहीतर रक्त आडवाटेनं पलीकडे जात असेल. मोठ्या शिरांना हा ताळा लागतो. अंडाशयाची निरोगी शीर जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, चित्राचे दोन-तीन चौकोन भरतील एवढीच. तिथे दिशा सांगता येते, आकड्यावर मी पैज लावणार नाही.

आणि एक अडचण कुठल्याही बटणानं सुटत नाही. बोगद्यातून बाहेर आलेल्या बाईंनी स्टुलावरची ओढणी उचलता उचलता विचारलं, “मला दुखतं उभं राहिल्यावर. तुम्ही तर झोपवून बघितलंत.” उभ्यानं तपासणारी एमआरआय यंत्रं आहेत, पण मोजकी, आणि त्यांचं चुंबक कमजोर. तंत्रज्ञानं मान डोलावली, पडद्यावरच्या काळ्या ठिपक्याभोवती वर्तुळ काढलं आणि डॉक्टरांसाठी खाली टिपलं: उभ्यानं डॉपलर सोनोग्राफी करावी.