प्राध्यापकांचे तास आणि घर

बिरसीची आपली मुले गोंदियाच्या महाविद्यालयांत शिकतात. प्राध्यापकाला काम थोडे, पगार भरपूर, असा समज आम्हीही बाळगून होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ अध्यापकाचे काम आठवड्याला किमान ४० तासांचे. त्यांत सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन १६ तास. पाठाची तयारी बहुधा रात्री घरी होते, ती कोण मोजतो?

तासिका तत्त्वावरील अध्यापकांचे दुखणे निराळे. घेतलेल्या तासांचेच मानधन. उन्हाळी सुटीत तेही नाही. एकाला घरासाठी वेळ नाही, दुसऱ्याला वेळ असून घर चालत नाही. दोघांचे समाधान एकाच मापाने कसे मोजावे? नेट-सेटची तयारी करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी नेमणूकपत्रात आधी नेमणुकीचा प्रकार वाचावा, रक्कम नंतर.