अक्षरांचा अनुक्रम आणि संगणक

शाळेचा हजेरीपट वर्णानुक्रमें लावण्याचें काम पूर्वीं शिक्षक हातानें करीत. आतां अंधेरीपासून मुलुंडापर्यंत कोठेंही पाहिलें, तर तें बहुधा संगणकाकडे सोंपविलेलें असतें. परंतु या यंत्रास आपली वर्णमाला ठाऊक असते काय? एका लहान शब्दावर ताडून पाहूं.

“शाळा” हा शब्द घ्या. आपणांस त्यांत दोन अक्षरें दिसतात. संगणक मात्र चार चिन्हें मोजतो: श, काना, ळ आणि पुन्हां काना. १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या संकेतांत प्रत्येक चिन्हास एकेक क्रमांक दिलेला आहे. ळ चा क्रमांक २३५५, श चा २३५८ आणि कान्याचा २३६६. पायथन या संगणकभाषेंत शब्दांतील चिन्हें क्रमानें लावण्याची साधी आज्ञा केली, म्हणजे यंत्र केवळ हे आंकडे चढत्या क्रमानें मांडतें. प्रथम ळ, मग श, आणि शेवटीं दोन्ही काने निराधार!

येथें दोन दोष घडतात. पहिला असा कीं, काना आपल्या व्यंजनापासून तुटतो. म्हणून अनुक्रम लावण्यापूर्वीं शब्दाचीं चिन्हें नव्हे, तर अक्षरें वेगळीं केलीं पाहिजेत. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. आपण “ह, ळ, क्ष, ज्ञ” असें शिकतों. युनिकोडांत मात्र ळ हा ल आणि व यांच्यामध्यें बसला आहे. कारण ती मांडणी अनेक भारतीय लिप्यांसाठीं एकत्र ठरविलेल्या इस्की या संकेतावरून घेतलेली आहे. मराठी क्रमानें “शा” आणि “ळा” हीं अक्षरें आधींच यथाक्रम आहेत. यंत्र मात्र “ळाशा” करील.

ही केवळ गंमत नव्हे. आपल्या क्रमानें “कासार” आधीं आणि “काळे” नंतर. आंकड्यांच्या क्रमानें याच्या उलट. एखादा पालक लांबलचक यादींत मुलाचें नांव योग्य ठिकाणीं शोधतो, तें तेथें सांपडत नाहीं, आणि नांव गळलें असें समजून तो निराश होऊन परततो.

यास उपाय आहे. प्रत्येक भाषेचा अनुक्रम सांगणारीं कोष्टकें आज तयार मिळतात. आज्ञावली लिहिणारानें मराठीचें कोष्टक निवडलें पाहिजे. यंत्र आज्ञाधारक असतें, जाणतें नसतें. म्हणून विद्यार्थ्यांनो, संगणकास आज्ञा करावयास अवश्य शिका. पण त्याआधीं आपली वर्णमाला पक्की करा.