कापून दिलेल्या चार गोळ्या

परवा विहारातल्या तपासणीला एक मावशी आली. जयभीम करून बसली आणि पदराच्या गाठीतून चकचकीत कागदाचा एक तुकडा काढून पुढे ठेवला. दोन गोळ्या शिल्लक होत्या. मागे नाव नाही, तारीख नाही. "हे गोई घेतली का कंबर मोकयी होते, मंग दिवसभर कापूस येचता येते," ती म्हणाली. कधीपासून घेता, विचारलं. "दिवाईपासून." संक्रांत आता आठ दिवसांवर आली आहे.

असे तुकडे अमरावती-अकोल्याच्या बऱ्याच घरांत निघतील. मेडिकलवाला अख्खी स्ट्रिप न देता कैचीने चार गोळ्या कापून देतो. घेणाऱ्याच्या खिशालाही ते परवडतं. पण औषधाचं नाव, मुदत आणि ती लाल रेघ त्याच्याकडच्या तुकड्यावर राहून जाते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकायचं नाही, असं ती लाल रेघ सांगते.

कंबर मोकळी करणाऱ्या त्या एका गोळीत बहुतेक वेळा तीन औषधं असतात. एक दुखणं आणि सूज कमी करणारं, अ‍ॅसिक्लोफिनॅक किंवा डायक्लोफिनॅक. दुसरं पॅरासिटामॉल. तिसरं आखडलेला स्नायू सैल करणारं, क्लोरझॉक्साझोन. काही गोळ्यांत त्याऐवजी थायोकॉल्चिकोसाइड किंवा टिझॅनिडीन असतं. हे माहीत नसलं की माणूस सकाळी कंबरेची गोळी घेतो, संध्याकाळी अंग तापलं म्हणून पॅरासिटामॉल घेतो, आणि एकच औषध दुप्पट पोटात जातं. त्याचा भार यकृतावर. क्लोरझॉक्साझोनही क्वचित यकृताला बाधतं. त्याने लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका, तो औषधाचा रंग असू शकतो. पण डोळे पिवळे दिसले तर गोळी त्याच दिवशी बंद करून दवाखाना गाठा.

स्नायू सैल करणारी ही औषधं बहुतेक करून मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतात. म्हणून झोप येते, डोकं जड होतं. गोळी घेऊन ऑटो चालवणं, थ्रेशरवर उभं राहणं, पाठीवर कट्टा घेऊन फळीवरून ट्रकात चढणं, ही कामं धोक्याची आहेत. वर दारू घेतली तर गुंगी दुप्पट होते आणि श्वासही मंदावू शकतो. पण आपल्याकडे ही गोळी नेमकी कामावर जाण्यासाठीच घेतली जाते. रोजी बुडेल या धाकाने. हा धाक खोटा आहे असं कोण म्हणेल?

टिझॅनिडीनने रक्तदाबही उतरतो. बीपीची गोळी चालू असलेली म्हातारी माणसं रात्री लघवीला उठतात आणि चक्कर येऊन पडतात. हगवणीसाठी किंवा लघवीच्या जळजळीसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल, तर टिझॅनिडीन अजिबात घ्यायचं नाही. सिप्रोमुळे ते रक्तात अनेक पटींनी वाढतं. ही दोन्ही औषधं वेगवेगळ्या दवाखान्यांतून घरात येतात, म्हणून डॉक्टरला आधीच्या गोळ्या दाखवाव्या लागतात. थायोकॉल्चिकोसाइडबद्दल युरोपच्या औषध संस्थेने २०१३ साली बजावलं आहे, तोंडाने घेताना सात दिवसांवर नको. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना तर नकोच.

सगळ्यात जास्त काळजी मला किडनीची वाटते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाण्यात पसरला आहे. तिथल्या गावांत किडनीच्या दुखण्याची भीती आधीच घराघरात आहे. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक रोज घेतल्याने किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं. त्यात अकोल्याचं ऊन, घामाने सुकलेलं अंग आणि दुपारपर्यंत न प्यालेलं पाणी. शुगर-बीपीवाल्यांनी तर ही गोळी मनाने घेऊच नये. लकव्यानंतर आखडलेल्या हातापायांसाठी बॅक्लोफेन देतात, ते किडनी अधू असेल तर अंगात साचून माणूस बरळू लागतो. आणि बॅक्लोफेन बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंदही करायचं नसतं. झटके येऊ शकतात. ते डॉक्टर हळूहळू उतरवतात.

कॅरिसोप्रोडॉल नावाचं एक औषध याच जातीचं. त्याची सवय लागते. अफूच्या गुणाचं टॅपेन्टाडॉल त्यात मिसळलेल्या गोळ्या आपल्याच राज्यातल्या पालघर जिल्ह्यातून पश्चिम आफ्रिकेत जात होत्या आणि तिथली तरणी पोरं नशेसाठी त्या खात होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे उघड झालं, कारखान्यावर धाड पडली, आणि केंद्राच्या औषध नियंत्रकांनी या मिश्रणाचे परवाने काढून घ्यायला सांगितले. कोणी "कडक गोई" म्हणून हातात काही ठेवलं, तर घेऊ नका.

मग दुखण्याचं करायचं काय? नुकती भरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत सुटते. दोन-चार दिवस डॉक्टरने दिलेली गोळी जेवल्यावर घ्या, तीही शक्यतो रात्री. गरम पाण्याने शेका. खाटेवर पडून राहू नका, झेपेल तेवढं चाला. तीन महिन्यांच्या वर जुनं झालेल्या कंबरदुखीला स्नायू सैल करणारी औषधं नेहमीचा उपाय म्हणून देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. तिथे व्यायाम लागतो. ओटीत जास्त कापूस साचू न देता लवकर रिकामी केली, तर कंबरेवरचा ताण कमी होतो. हे मुकादमाला पटवावं लागेल, ते मला कळतं.

पायातली ताकद गेली, मांडीच्या आत बधिर झालं, लघवी-संडासचा ताबा सुटला, तर एक रात्रही थांबू नका. संध्याकाळचा ताप आणि वजन उतरत असेल तर मणक्याचा टीबी तपासावा लागतो. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार, दोन्हीकडे हे बघतात.

मावशीच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा पडत होता. गोळी तिथेच बंद केली आणि क्रिएटिनिन तपासायला पाठवलं. रिपोर्ट सोमवारी मिळणार आहे. जाताना तिने विचारलं, "मंग उद्या येचाले जाऊ का नोको?"